कोवळ्या तोंडाचा लगाम

ज्या गावात मोसम नदीच्या काठी नारो शंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधविलेला भुईकोट किल्ला अद्याप उभा आहे, १८१८ च्या मे-जून महिन्यांत ज्या किल्ल्याला इंग्रजी फौजेचा वेढा पडला असता आतील अरब शिबंदीने तो शर्थीने लढविला, आणि ज्या गावाच्या एका भागाला परक्या पलटणी निघून गेल्यानंतरही लोक ‘कॅम्प’ याच नावाने ओळखतात, त्या मालेगावाला घोडा हा प्राणी परका असण्याचे कारण नाही. शिवकालीन पागेच्या व्यवस्थेत पंचवीस बारगीरांमागे एक हवालदार असे, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद यांची तैनात असे. घोड्याचे पाणी आणि घोड्याचे खूर या दोन गोष्टी तलवारीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्यांचा हा मुलूख. आज या शहराचा दिवस यंत्रमागांच्या आवाजाने उजाडतो आणि घोडा दिसलाच तर वरातीत दिसतो. तरीही घोड्याविषयीचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या या प्रदेशात मुरले, त्याचा धागा पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि त्या धाग्याच्या आधाराने एका प्रश्नाचा विचार करावा, असा या लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न असा की, ज्याने आजवर एकही शर्यत पाहिलेली नाही, अशा कोवळ्या घोड्यावर त्याच्या पहिल्या शर्यतीत स्वाराने कसे बसावे? हजार मीटरांची शर्यत सुमारे एका मिनिटात संपते. परंतु त्या एका मिनिटात त्या जनावराच्या मनावर जो ठसा उमटतो, तो पुढील तीन-चार वर्षांच्या त्याच्या सगळ्या कारकिर्दीवर राहतो, आणि म्हणून या मिनिटाची जबाबदारी ज्याच्या हातात लगाम आहे त्याच्यावर, इतर कोणत्याही शर्यतीपेक्षा अधिक, येऊन पडते.

मालेगावाहून मनमाडमार्गे दक्षिणेस येवल्याला जावे, तर तेथे मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो; उत्तरेस खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला जावे, तर दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या असतात. या दोन्ही ठिकाणी जाणता गिऱ्हाईक किमतीची बोलणी करण्यापूर्वी, चाल रेवाल आहे की नाही हे पाहण्याच्याही आधी, घोड्याच्या ओठांत हात घालून त्याचे दात पाहतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याचा क्रम निसर्गाने ठरवून दिलेला आहे: मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांच्या सुमारास, आणि कोपऱ्यातील जोडी साडेचार वर्षांच्या सुमारास. म्हणजे साडेचार-पाच वर्षांपर्यंत घोड्याचे तोंड पुरते तयार झालेले नसते, आणि दुधाच्या दातांचे शिंगरू ओझ्याला वा स्वारीला जुंपण्याची घाई शहाणा मनुष्य करीत नाही.

आता रेसकोर्सची कालगणना पाहावी. भारतात शर्यतीच्या घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. एप्रिल महिन्यात जन्मलेले शिंगरू पुढच्याच १ जानेवारीस, अवघ्या आठ-नऊ महिन्यांचे असताना, दफ्तरी एक वर्षाचे ठरते. आणि मुंबईच्या हंगामात, जो सामान्यतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो, डिसेंबरमध्ये ‘दोन वर्षांचा’ म्हणून धावणारा असा घोडा प्रत्यक्षात दोन वर्षे आठ महिन्यांचा असतो. याच सुमारास त्याच्या मधल्या कायमच्या दातांनी हिरड्या फोडलेल्या असतात, आतल्या दाढांचीही अदलाबदल सुरू झालेली असते, आणि ज्या तोंडात ही सगळी उलथापालथ चालू आहे त्याच तोंडात लोखंडी मुखरी घालून त्याला ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावावयाचे असते. स्वाराच्या हातांविषयी जे काही सांगितले जाते, त्याचे मूळ या एका शारीरिक वस्तुस्थितीत आहे. हिसका देणारा हात प्रौढ घोड्याला त्रास देतो. कोवळ्या घोड्याला तो असा धडा देतो की शर्यत म्हणजे तोंडातली वेदना, आणि तो धडा घोडा विसरत नाही.

कौटिल्याने अश्वाध्यक्षाचे कर्तव्य सांगताना प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि तो कोठून आला याची नोंद करावी असे म्हटले आहे, आणि घोड्याच्या वल्गनादी गतींचे प्रकार पाडून त्यांच्या शिक्षणाचाही विचार केला आहे. आज पुण्यातील वंशावळीचे दफ्तर, मांजरी-येरवड्याच्या अश्वपैदास केंद्रांची परंपरा आणि १९४६ साली स्थापन झालेले पूनावाला घराण्याचे केंद्र ही सारी व्यवस्था त्या नोंदीच्या बाबतीत कोणत्याही प्राचीन अमलदाराला समाधान देईल अशी आहे. परंतु नोंदवहीत जे उतरत नाही ते जनावराचे धैर्य, आणि पहिल्या शर्यतीत ते जपले जाते किंवा खर्ची पडते.

दातांची जी कथा, तीच हाडांचीही. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाच्या वाढीचा सांधा साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान मिटतो, पाठीच्या मणक्यांचे सांधे तर त्याहून पुष्कळ उशिरा. भरधाव दौडीत पुढच्या एकेका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, आणि नळीच्या हाडाला तो भार सोसण्याची सवय झालेली नसेल तर नडगी दुखावते. शर्यतीच्या कोवळ्या घोड्यांमध्ये ही व्यथा इतकी सर्वत्र आढळते की प्रत्येक तबेल्याला तिची ओळख असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड नूनामेकर यांनी या व्यथेचा दीर्घकाळ अभ्यास करून असे दाखविले की, केवळ लांबलचक संथ दौडींनी हाड शर्यतीच्या भारासाठी तयार होत नाही. थोड्या अंतराच्या वेगवान धावा, थोड्याथोड्या करून, क्रमाने वाढवीत द्याव्या लागतात. याचा अर्थ घोडा पहिल्या शर्यतीला उभा राहण्यापूर्वी त्याच्या हाडांनी शर्यतीची ओळख करून घेतलेली असली पाहिजे, आणि तरीही पहिल्या दिवशी त्याच्याकडून अखेरचा थेंब पिळून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही पूर्वतयारी पहाटे होते. पुण्याच्या रेसकोर्सवर, जेथे १८३० सालापासून घोडे धावत आले आहेत आणि जेथील हंगाम पावसाळ्यात भरतो, अंधार पुरता सरण्यापूर्वीच तबेल्यांतून घोडे निघतात: पुढे एखादा जुना, शांत घोडा, त्याच्या मागे नवखे, प्रत्येकाच्या पाठीवर रायडिंग बॉय, लगामाशी सईस आणि या सर्वांवर नजर ठेवणारा जमादार, ज्याचा शब्द तबेल्यात ट्रेनरच्या खालोखाल चालतो. जुन्या पागांमध्ये नवे जनावर फिरविण्याचे काम चाबुकस्वाराकडे असे. आज ते अनेकांत वाटले गेले आहे. नवख्याला स्टार्टिंग गेटमध्ये आधी नुसते चालत नेतात, मग दारे लावून उभे करतात, मग दारे उघडून सावकाश बाहेर काढतात, आणि गेटची भीती गेली म्हणजेच वेगाने निघण्याचा सराव होतो. त्यानंतर मॉक रेस: सकाळच्या वेळी, इतर घोड्यांबरोबर, ना पैज ना प्रेक्षक. जो घोडा येथे उजवीकडे-डावीकडे मान टाकीत धावतो, रेलिंगपासून दूर सरकतो, शेजारच्या घोड्याला पाहून कचरतो, त्याच्याविषयी रेसकोर्सवरची माणसे ‘अजून ग्रीन आहे’ एवढेच म्हणतात. हा दोष नव्हे, वय आहे.

मग प्रत्यक्ष दिवस उगवतो. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे. ते चालविणाऱ्या क्लबची परंपरा १८०२ पर्यंत मागे जाते आणि ‘रॉयल’ ही उपाधी त्याला १९३५ साली मिळाली. परंतु घोड्याला यातील काहीच ठाऊक नसते. त्याला ठाऊक होतो तो ध्वनिक्षेपक, पॅडॉकभोवतीची गर्दी, रंगीबेरंगी रेशमी पोशाख आणि शेकडो अपरिचित वास. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. नाकासमोरील आणि शेपटीमागील अरुंद पट्टाच तेवढा त्याच्या दृष्टीबाहेर राहतो. म्हणजे जेथे माणसाला एक प्रसंग दिसतो, तेथे त्याला एकाच वेळी दहा दिसतात, आणि पळून जाऊनच जगलेल्या प्राण्यांच्या कुळातला असल्यामुळे त्या दहांपैकी कोणता धोक्याचा हे ठरविण्याआधी पळावे असे त्याचे रक्त त्याला सांगते. स्वाराची पहिली परीक्षा म्हणूनच शर्यत सुरू होण्याच्या पुष्कळ आधी होते. त्याने पाठीवर अलगद बसावे, रिकिबी शांतपणे साधाव्यात, लगामाशी खेळू नये आणि सुरुवातीच्या जागेकडे जाताना घोड्याला हलक्या दौडीत, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने, न्यावे. कारण जो घोडा तेथे पोहोचेपर्यंत घामाने डबडबतो, त्याची निम्मी शर्यत तेथेच धावून झालेली असते.

गेट उघडताच अनुभवी घोडा उसळतो, नवखा अनेकदा क्षणभर पाहत राहतो. या क्षणी चाबूक उगारणारा स्वार घोड्याला गेटचाच द्वेष शिकवितो. त्याने मानेवर हात पुढे सोडावेत, घोड्याला स्वतःचे पाय सापडू द्यावेत, आणि दोन-तीन लांबी मागे राहिलो म्हणून जीव टाकून ती भरून काढण्याचा हव्यास धरू नये. पुढे निघून जाण्यासाठी पहिल्या दोनशे मीटरांत घोड्याला जाळून टाकणे ही नवख्याच्या बाबतीत सर्वांत महाग चूक होय. उलट त्याला एखाद्या घोड्याच्या मागे, आडोशाला, घ्यावे. तेथे वारा कमी लागतो, कळपात असल्याचा दिलासा मिळतो आणि श्वास सावरतो. परंतु आडोशाचीही शिकवण क्रमाने हवी. पुढच्या खुरांनी उडणारी ओल्या गवताची ढेकळे प्रथमच तोंडावर बसली की कित्येक घोडे मान वर टाकतात. अशा वेळी चांगला स्वार त्याला किंचित बाहेर काढतो, मोकळी हवा दाखवितो आणि मग पुन्हा आत घेतो.

वळण हा शर्यतीचा सर्वांत अवघड भाग, आणि तो का अवघड हे घोड्याच्या देहरचनेवरून कळते. भरधाव दौडीत घोड्याचा एक पुढचा पाय अग्रभागी असतो. वळणावर आतल्या बाजूचा पाय पुढे असला तर तोल सांभाळतो, आणि सरळ वाटेवर येताच पाय बदलला तर थकलेल्या स्नायूंना विसावा मिळतो. जाणता घोडा हा बदल आपणहून करतो. नवख्याला तो सुचत नाही, आणि म्हणून वळण संपताना तो बाहेर घसरतो. त्यातच दौडीत घोड्याचा श्वास त्याच्या पावलाशी बांधलेला असतो: एका झेपेला एक श्वास, आणि तोही केवळ नाकावाटे. त्याचा तोल बिघडला की पाऊल बिघडते आणि पाऊल बिघडले की श्वास तुटतो. अशा वेळी स्वाराने स्वतःचे वजन स्थिर ठेवणे हेच त्याचे सर्वांत मोठे साहाय्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन जॉकी टॉड स्लोन याने आखूड रिकिबींवर पुढे झुकून बसण्याची रीत इंग्लंडात रूढ केली, तेव्हा प्रथम तिची टवाळी झाली. परंतु २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, या बैठकीत स्वार घोड्याच्या उसळीबरोबर वरखाली होत नाही, आणि ती रूढ झाल्याच्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. प्रौढ घोड्याला ही बैठक वेग देते; नवख्याला ती सर्वप्रथम तोल देते.

सरळ वाट येते आणि समोर विजयस्तंभ दिसतो. येथे स्वाराने मागावे, पण हातांनी आणि टाचांनी मागावे. घोड्याने मान लांबवून प्रतिसाद दिला, तर त्या प्रतिसादाला तत्काळ मोकळीक मिळाली पाहिजे, म्हणजे मागणे आणि देणे यांचा संबंध त्याच्या मनात रुजतो. पुढे एखादा घोडा दमलेला असेल, तर त्याला मागे टाकण्याचा अनुभव नवख्याला जरूर द्यावा. चवथ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्याचा आनंद घोड्याला कळतो की नाही याविषयी पंडितांत मतभेद असू शकेल, परंतु मागे टाकलेल्या घोड्याबरोबर त्याचा आत्मविश्वास वाढतो, हे तबेल्यातील कोणीही सांगेल. स्तंभ ओलांडल्यावरही काम संपत नाही. एकदम लगाम न खेचता वेग हळूहळू उतरवावा, मान थोपटावी, आणि परत येऊन ट्रेनरला खरी कैफियत द्यावी: कोठे कचरला, कोणत्या बाजूला झुकला, श्वासात आवाज होता काय, किती बाकी होते.

या सर्व उपदेशावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शर्यतीवर लोकांचा पैसा लागलेला असतो. प्रत्येक घोडा शक्य तितक्या वरच्या क्रमांकासाठी धावविला पाहिजे, हा शर्यतीच्या कायद्याचा पाया आहे. स्वाराने घोडा ‘खेचला’ असा संशय आला तर शर्यतीवर देखरेख ठेवणारे स्टुअर्ड चौकशी करतात आणि शिक्षा देतात, आणि ते योग्यच आहे. १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, केवळ दैवाचा नव्हे, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा आधारच घोड्याची तयारी आणि स्वाराचे कसब यांवर आहे. मग ‘आज शिकवू, पुढच्या वेळी जिंकू’ असे मनात धरून घोडा मागे ठेवणे म्हणजे त्या कौशल्याशीच द्रोह नव्हे काय? होय, तो द्रोहच आहे. सौम्यपणे हाकणे आणि न हाकणे या दोहोंमधील सीमारेषा स्वाराला स्वच्छ दिसली पाहिजे. पहिल्या शर्यतीतही त्याने जिंकण्यासाठीच बसावे. मात्र घोड्याजवळ आज जे आहे तेवढेच मागावे, उद्याच्या ठेवीवर हात टाकू नये.

जगाच्या शर्यतींचा इतिहास याला साक्ष आहे. ४ जुलै १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेडक्ट मैदानावर पदार्पण करणाऱ्या एका घोड्याला सुरुवातीलाच दुसऱ्याची जोराची धडक बसली. तो मागे पडला, गर्दीतून वाट काढीत चवथा आला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकून सेक्रेटॅरिएट या नावाने अजरामर झाला. याच्या उलट सीबिस्किट: दोन वर्षांचा असताना त्याला पस्तीस वेळा धावविले गेले, पहिल्या सतरा शर्यती तो हरला, आणि त्याचे तेज प्रगट व्हावयास दुसरा मालक, दुसरा ट्रेनर आणि दुसरी दृष्टी यावी लागली. इंग्लंडचा फ्रँकेल १३ ऑगस्ट २०१० रोजी न्यूमार्केटला पहिलीच शर्यत जिंकला आणि अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. परंतु तो इतका ओढाळ होता की त्याला शांत धावण्याची शिकवण देण्यासाठी शेन फेदरस्टनहॉ या कामकरी स्वाराने सकाळमागून सकाळ खर्ची घातल्या. आपल्याकडे १९४३ सालच्या पहिल्या डर्बीत प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी जिंकली तेव्हा तिच्यावर परदेशी जॉकी एडगर ब्रिट होता. पुढे पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्यासारख्या मराठी स्वारांनी आणि इंडियन डर्बी आठ वेळा जिंकणाऱ्या पेसी श्रॉफ यांनी या मातीतील हातांचे कसब सिद्ध केले. भारतातील डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आहे. म्हणजे पदार्पणापासून डर्बीपर्यंत घोड्याला वाढण्यास अवकाश आहे. तो अवकाश पहिल्या मिनिटात उधळला जाऊ नये, एवढेच मागणे आहे.

यावर माझी एक सूचना आहे. ज्या शर्यतींत सर्वच घोडे प्रथम धावणारे असतात, त्या शर्यती हातांनी आणि टाचांनीच धावविल्या जाव्यात. चाबूक हाती असावा तो केवळ अपघात टाळण्यासाठी, वेग काढण्यासाठी नव्हे. ही कल्पना अव्यवहार्य नाही. नॉर्वेने शर्यतीत चाबकाचा वापर १९८२ साली बंद केला आणि तेथील शर्यती चालू राहिल्या; ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी अशाच प्रकारच्या शर्यती ठेवल्या जातात. २०२० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घोड्याच्या आणि माणसाच्या त्वचेची तुलना केली, तेव्हा वेदना जाणण्याच्या बाबतीत घोड्याची कातडी निबर असते या समजुतीला आधार सापडला नाही. पैसे लावणाऱ्यांची यात फसवणूक नाही, कारण बंधन सर्वांना सारखे असेल आणि ते आधी जाहीर असेल. स्टुअर्डांचीही अडचण कमी होईल, कारण चाबूक का उगारला नाही, हा प्रश्नच उरणार नाही; हात आणि टाचा प्रामाणिकपणे चालल्या की नाहीत, एवढेच पाहावयाचे राहील. आणि शिकाऊ जॉकीला, ज्याला आज चाबूक हे कौशल्याचे लक्षण वाटते, आपले खरे साधन आपले हात आहेत हे अशाच शर्यतीत उमगेल.

दुसरी सूचना स्वाराच्या मूल्यमापनाविषयीची. आज नवख्या घोड्यावरच्या स्वाराचे यश त्या दिवसाच्या क्रमांकावरून ठरते. ट्रेनर आणि मालक यांनी ते घोड्याच्या दुसऱ्या शर्यतीवरून ठरवावे. पहिल्या वेळी सहावा आलेला घोडा दुसऱ्या वेळी गेटमध्ये निमूट उभा राहिला, वळणावर पाय बदलला, ढेकळे उडाली तरी मान वर टाकली नाही आणि शेवटच्या दोनशे मीटरांत हाक देताच पुढे सरकला, तर पहिल्या स्वाराने आपले काम चोख बजावले असे समजावे, मग त्या दुसऱ्या दिवशी पाठीवर दुसराच कोणी का असेना. आणि पहिल्याच दिवशी मारझोड करून दुसरा क्रमांक मिळविलेला घोडा दुसऱ्या दिवशी गेटकडे पाहूनच थरथरू लागला, तर त्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत मालकाने पुन्हा एकदा मोजून पाहावी. पंचवीस घोड्यांमागे पखालजी आणि नालबंद नेमणारी पागा लढाईच्या दिवसापेक्षा पुढच्या मोहिमेचा हिशोब अधिक ठेवीत असे. रेसकोर्सनेही आपल्या कोवळ्या घोड्यांच्या बाबतीत तोच हिशोब ठेवावा.